मेग्जचं जाडजूड पुस्तक घ्यावं का?

अप्लाइड आर्टला असाल तर 'मेग्ज' हे नाव कुठल्यातरी सरांच्या तोंडून ऐकलंच असेल. पूर्ण नाव 'मेग्ज हिस्ट्री ऑफ ग्राफिक डिझाइन', माझ्याकडे २०१६ ची सहावी आवृत्ती आहे, सहाशेच्या वर पानं, आडवं पडून वाचायच्या भानगडीत पडू नका, हात भरून येतात.

फिलिप मेग्ज हा मुळात धंद्यातला डिझायनर. आधी रेनॉल्ड्स ॲल्युमिनियम, मग ए. एच. रॉबिन्स ह्या औषध कंपनीत आर्ट डायरेक्टर, १९६८ पासून अमेरिकेतल्या रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला, १९७४ ते ८७ तिथलं डिपार्टमेंट सांभाळलं आणि मधेच १९८३ ला हे पुस्तक काढलं. वाचताना हा धंद्यातला माणूस आहे ते कळतं बरं का, नुसतं 'वा काय सुंदर' करून पुढे जात नाही, कुठलं मशीन आलं, कोणाला काय विकायचं होतं म्हणून अक्षरं अशी झाली ते सांगत बसतो. इंग्लंडचा डिझायनर विल्यम मॉरिस, त्याने छापलेला १८९६ चा चॉसर (जुन्या इंग्रज कवीच्या कवितांचं पुस्तक) घ्या, बर्न-जोन्स ह्या चित्रकाराची ८७ चित्रं, भोवती वेलबुट्टीच्या जाड किनारी, आधी वाटतं अरे किती गच्च भरलंय, पण मशीनच्या स्वस्त मालाला वैतागून हा माणूस मुद्दाम हातप्रेसवर छापत होता हे कळलं की तेच पान वेगळं दिसायला लागतं.

वैताग एकच, चित्रं बारकी. कॅसांद्र ह्या फ्रेंच पोस्टरवाल्याची भिंतीवरची पोस्टर्स इथे पोस्टाच्या तिकिटाएवढी, मग शेवटी मोबाइलवरच शोधून बघायची.

आणि आपण कुठे? चीनमधलं ८६८ चं छापील वज्रसूत्र हे बौद्ध सूत्र आहे, जपान आहे, आपल्याकडचं मात्र फारसं हाताला लागत नाही. गोव्यात १५५६ ला आलेला छापखाना, मुंबईचे जुने छापखानेवाले गणपत कृष्णाजी ह्यांचं पंचांग, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देखणे देवनागरी टाइप (छपाईची अक्षरं), हे सगळं वेगळं शोधायचं. मेग्जला काय बोलणार, त्याच्या वर्गात अमेरिकन पोरं बसायची, पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हाच अख्खा इतिहास म्हणून शिकवतात त्याचं काय करायचं?

मेग्ज २००२ ला गेला, पुढच्या आवृत्त्या ॲल्स्टन पर्व्हिसने केल्या. नवीन कॉपी महाग पडते, स्टुडंट असाल तर चौथी-पाचवी सेकंडहँड बघा, भरपूर झाली. ऑनलाइन घेणार असाल तर पॅकिंगचं आधी विचारा, माझ्या कॉपीचा कोपरा चेपून आला, विकणारा नुसते फोटो मागत राहिला आणि मग गायबच.