जाळीचे कॅबिनेट की काचेचे? ग्राफिक्स कार्डाचे तापमान पाहून ठरवा

संगणकाचे कॅबिनेट निवडण्याआधी आपल्या ग्राफिक्स कार्डाचे नेमके कोणते तापमान वाढते आहे, हे पाहून घ्यावे. बहुतेक जण एकच आकडा पाहतात, तो जीपीयूचा, म्हणजे कार्डावरील मुख्य चिपचा. त्याच चिपवर अनेक ठिकाणी सेन्सर असतात आणि त्यांतील सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान म्हणजे हॉटस्पॉट. तिसरे तापमान मेमरीचे. कॅबिनेट बदलल्याने या तिन्हींना सारखाच दिलासा मिळेल असे नाही, म्हणून नुसते 'कार्ड तापते' एवढ्यावर हजारो रुपये खर्च करू नयेत.

चिप ७० अंशांवर आणि हॉटस्पॉट १०० च्या पुढे, असे मोठे अंतर दिसत असेल तर बहुधा चिपची उष्णता वाहून नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, सुकलेली किंवा सरकलेली असते, अथवा त्यावरचा उष्णता पसरवणारा धातूचा हीटसिंक नीट बसलेला नसतो. हवेशीर कॅबिनेटही हा दोष दूर करू शकत नाही. मात्र नुसता मोठा आकडा पाहून घाबरण्याचेही कारण नाही. २०१९ साली आरएक्स ५७०० मालिकेतील कार्डे आली तेव्हा हॉटस्पॉट ११० अंशांपर्यंत जाणे अपेक्षित मर्यादेत आहे, असे एएमडीनेच सांगितले होते. चिप आणि हॉटस्पॉट दोन्ही ठीक असून फक्त मेमरी तापत असेल, तर आधी मेमरी आणि हीटसिंक यांमधल्या मऊ पट्टीवर, म्हणजे थर्मल पॅडवर, संशय घ्यावा. याला एक अपवाद आहे. एनव्हिडियाच्या २०२० च्या आरटीएक्स ३०९० कार्डावर मेमरीच्या निम्म्या चिप कार्डाच्या पाठीमागच्या बाजूला बसवलेल्या आहेत, जिथे कार्डाचे स्वतःचे फॅन पोहोचत नाहीत; त्यांना मागच्या धातूच्या पत्र्यावरून वाहणाऱ्या कॅबिनेटच्या हवेचाच आधार असतो. या कार्डावरील जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करते, त्यामुळे तिथे पाच-सात अंशांचा फरकही मोलाचा ठरतो.

तिन्ही तापमाने एकत्र चढत असतील तर दोष कॅबिनेटचा असण्याची शक्यता मोठी. त्याची परीक्षा फुकट होते. एखाद्या गेममधील तोच प्रसंग वीस मिनिटे चालवून तिन्ही आकडे लिहून ठेवावेत, मग साइड पॅनेल काढून, खोलीतील पंखा आणि खिडक्या होत्या तशाच ठेवून, तेच पुन्हा करावे. माझ्या जुन्या, पुढून बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये आरटीएक्स ३०८० ची चिप ७९ वरून ७१ वर, हॉटस्पॉट ९२ वरून ८४ वर आणि मेमरी १०४ वरून ९६ वर आली. तिन्ही आकडे सारखेच आठ अंशांनी उतरले, म्हणजे कार्डात काही बिघाड नव्हता. त्याला ताजी हवा मिळत नव्हती. फरक दोन-तीन अंशांचाच पडला असता, तर मी कॅबिनेट बदलले नसते.

यामागचा हिशेब सोपा आहे. हल्लीची दोन-तीन फॅनची कार्डे आपली बहुतेक उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात. ब्लोअर पद्धतीची कार्डे ती मागच्या पट्टीतून थेट बाहेर फेकतात, म्हणून त्यांचे कॅबिनेटवाचून तितके अडत नाही. ३०८० चे ३२० वॅट आणि प्रोसेसरचे ८० धरले तर ४०० वॅट उष्णता झाली. कॅबिनेटमधून मिनिटाला एक घनमीटर हवा जात असेल तर ती हवा बाहेर पडेपर्यंत सुमारे २० अंशांनी तापते आणि दोन घनमीटर जात असेल तर १० अंशांनी. कार्डाचे फॅन आतली हीच तापलेली हवा पुन्हा ओढत असतील, तर ते कितीही वेगाने फिरवले तरी आवाज वाढण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

आता दोन पर्यायांकडे वळू. जाळीच्या कॅबिनेटची खरी ताकद ही की ते थोड्या फॅनवर काम भागवते: पुढे दोन १४० मिलिमीटरचे किंवा तीन १२० चे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्यावर २०० ते ३५० वॅटचे कार्ड सुखाने चालते. वरच्या बाजूला पुढच्या टोकाला बाहेर टाकणारा फॅन मात्र लावू नये, कारण पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती उचलून नेतो. प्रोसेसर द्रवाने थंड करणाऱ्या लिक्विड कूलरचा रेडिएटर (द्रवातील उष्णता हवेत सोडणारी जाळी) पुढे बसवला तर प्रोसेसरला थंड हवा मिळते, पण कार्डाच्या वाट्याला तापलेली येते. कार्ड महत्त्वाचे असेल तर रेडिएटर वर बसवावा. जाळीच्या कॅबिनेटचीही एक उणीव आहे. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) झाकणारे खालचे आवरण अनेकदा पुढच्या सर्वांत खालच्या फॅनची हवा अडवते आणि कार्डाच्या थेट खाली ताजी हवा कमी पोहोचते. आवरणावर फॅन बसवण्याची सोय असेल तर तिथे एक जरूर लावावा.

काचेच्या कॅबिनेटांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पुढे अखंड काच आणि कडेला बोटभर फट, असे जुन्या धाटणीचे कॅबिनेट मोठ्या कार्डासाठी घेऊच नये. दुसरा प्रकार पुढे आणि बाजूला काच असलेला, पण तळातून आणि उजव्या बाजूने हवा घेणारा. लियान ली कंपनीच्या २०१८ च्या ओ११ डायनॅमिक कॅबिनेटनंतर तो लोकप्रिय झाला. यात तळाला तीन फॅन असतील तर थंड हवा सरळ कार्डाच्या फॅनपाशी पोहोचते आणि कार्डाचे तापमान चांगल्या जाळीच्या कॅबिनेटइतके, कधी त्याहूनही कमी राहते. मात्र अशी अनेक कॅबिनेटे फॅनशिवाय विकली जातात, त्यामुळे सहा-सात फॅनचा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी. कार्ड शोभेसाठी उभे करून काचेला खेटवले, तर कार्डाच्या फॅनसमोरच भिंत उभी राहते आणि तळाच्या फॅनचा बराचसा फायदा वाया जातो.

धुळीच्या बाबतीत मी जाळीच्या बाजूने आहे. तळातून हवा घेणाऱ्या काचेच्या कॅबिनेटचा तळाचा धूळ अडवणारा फिल्टर फरशीजवळ असल्याने लवकर भरतो आणि तो काढण्यासाठी अनेकदा जड कॅबिनेट हलवावे लागते. पुढची जाळी चटकन निघते व ब्रशने साफ होते. दोन्हींत आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटींतून धूळ शिरत नाही. हे तपासायला पेटलेली उदबत्ती मागच्या रिकाम्या फटीजवळ, राख आत पडणार नाही इतक्या अंतरावर धरावी; धूर आत ओढला जात असेल तर आत ओढणारे फॅन कमी पडत आहेत.

परदेशी परीक्षणांतील आकडे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीतले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ३७ अंशांवर असेल, तर फॅनचा वेग तोच धरून कार्डाच्या आकड्यातही साधारण तेवढीच वाढ धरावी: २२ अंशांच्या खोलीतले ७० इथे ८५ च्या घरात जाते, आणि एनव्हिडियाची अनेक कार्डे ८३ अंशांच्या आसपासच आपला वेग आवरू लागतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला, कार्ड २०० वॅटच्या वरचे असेल तर, मी जाळीचेच कॅबिनेट सुचवेन. काचेचे मनात भरलेच असेल, तर तळाच्या तीन फॅनचे पैसे आधी बाजूला ठेवावेत. १५० वॅटच्या आतील कार्डासाठी, उदाहरणार्थ ११५ वॅटच्या आरटीएक्स ४०६० साठी, पुढून अगदीच बंद नसलेले कोणतेही कॅबिनेट चालेल, तिथे आवडीप्रमाणे निवडावे. आणि कॅबिनेट बदलण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर ३०८० ची वीजमर्यादा ३२० वरून २७० वॅटवर आणून पाहावी: गेमचा वेग थोडासाच उतरतो, पण आतली ५० वॅट उष्णता त्याच दिवशी कमी होते.