नागपूर ते काठमांडू: बर्डीवरचं एक तिकिटांचं दुकान

काठमांडूला जायचं असेल तर नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) गल्लीतलं हे छोटं तिकिटांचं दुकान मी बिनदिक्कत सुचवेन. आई-बाबांना पशुपतिनाथाला न्यायचं होतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघताना पैशांपेक्षा खरी माहिती लागते, आणि ती इथे मिळाली.

नकाशावर नागपूर-काठमांडू सरळ रेषेत साधारण ९७० किलोमीटर. विमानाला दीड-पावणेदोन तासांचं अंतर. नेटवर हाच आकडा दिसतो, म्हणून आईने डबासुद्धा नको म्हटलं होतं. दुकानातले भाऊ म्हणाले, "ताई, थेट विमानच नाही जी. दिल्लीवरून जा लागते." मग जुन्या पावतीच्या मागे त्यांनी पेनने मांडून दाखवलं: दिल्लीपर्यंत ८५० किलोमीटर, तिथून काठमांडू ८०० च्या थोडं वर. हवेत तीन-सव्वातीन तास. पण सोनेगावचा विमानतळ, दिल्लीतलं थांबणं, इमिग्रेशन, पुन्हा सिक्युरिटी हे सगळं धरून दहा-बारा तास घरून काढूनच ठेवा. तेवढेच लागले. डबाही संपला.

वेगवेगळी दोन तिकिटं ऑनलाइन स्वस्त पडत होती. भाऊंनी एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये काढायचा आग्रह धरला. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोण घेणार? जास्तीचे पैसे मी आनंदाने दिले. बॅगा थेट काठमांडूला मिळाल्या, दिल्लीत बाबांना त्या ओढाव्या लागल्या नाहीत.

कागदपत्रांचंही त्यांनी स्वतःहून विचारलं. विमानाने नेपाळला जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसतं आधार चालत नाही. पासष्टच्या वरच्यांना मात्र आधार चालतं, म्हणून आई-बाबांचं काम झालं. माझं मतदार कार्ड त्यांनी हातात घेऊन नावाचं एकेक अक्षर तिकिटाशी ताडून पाहिलं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं, त्यामुळे तिकिटावर जाताना वेळ जास्त दिसते आणि येताना कमी, हेही सांगितलं.

जाताना डावीकडच्या खिडक्या त्यांनीच घेऊन दिल्या. ढगांच्या वर बर्फाची शिखरं दिसायला लागली तशी आईने कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि उतरेपर्यंत मान वळवली नाही. काठमांडूला धावपट्टी एकच आणि भोवती डोंगर, म्हणून विमान उतरण्याआधी बराच वेळ घिरट्या घालत होतं. बाबा घाबरले नाहीत, कारण भाऊंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं.

तक्रारी दोनच. दुपारी फोन कोणी उचलत नाही. आणि प्रिंटआउट इतक्या बारीक अक्षरात देतात की बाबांना चष्मा लावूनही वाचता येईना. तेवढं सुधारायलाच हवं.

आम्ही बसलो होतो तेव्हा एक कुटुंब लुंबिनीसाठी काठमांडूचं विमान विचारत होतं. भाऊ त्यांना म्हणाले, "काकाजी, विमानाचे पैसे कायले घालता? राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूरले जा, तिथून सीमेवरचं सोनौली. लुंबिनी सीमेजवळच आहे. काठमांडूवरून दिवसभर उलटं या लागते." हातची तिकिटं गेली, तरी गाडीची वेळ त्यांनी स्वतः बघून लिहून दिली.

दुकान रविवारी बंद असतं.