शीट सोडली, नेटबॉक्स धरलं

आम्ही इंटरनेट सेवा देणारे ऑपरेटर. कोणता आयपी पत्ता कोणत्या ग्राहकाला दिला, हे आम्ही एका स्प्रेडशीटमध्ये लिहून ठेवायचो. एकदा एका ग्राहकाची तक्रार आली, आणि ती साधी होती: ‘आमची साइट काही जणांना उघडते, काहींना नाही.’ आम्ही चार तास फायबर, राउटर, त्यांचा फायरवॉल असं सगळं तपासलं. शेवटी मी एज राउटरवरचे (आमच्या नेटवर्कच्या कडेच्या राउटरवरचे) स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहिलेले मार्ग, वाचायला बसले, तेव्हा सापडलं. एकच /२९, म्हणजे आठ पत्त्यांचा तुकडा, दोन वेगवेगळ्या राउटरवर दोन वेगवेगळ्या ग्राहकांकडे वळवलेला होता, आणि ज्याला जो राउटर जवळ त्याचं ट्रॅफिक त्या ग्राहकाकडे जात होतं. एका सहकाऱ्याने आणि मी एकाच दुपारी शीटच्या आपापल्या प्रतीत तीच रिकामी ओळ भरली होती. चूक दोघांचीही नव्हती. ‘ही ओळ आता घेतली गेली’ हे शीट कुणालाच सांगत नाही, शिवाय मजकूर म्हणून क्रम लावला की १०.०.०.१० हा १०.०.०.२ च्या आधी येऊन बसतो.

त्यानंतर मी आयपी पत्त्यांचा हिशेब ठेवणारी दोन सॉफ्टवेअर महिनाभर शेजारी शेजारी चालवून पाहिली: पीएचपी-आयपॅम आणि नेटबॉक्स. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. नॉटोबॉट हे तिसरं, २०२१ मध्ये नेटबॉक्समधूनच वेगळं झालेलं, त्याचा भर ऑटोमेशनवर. माझा प्रश्न वाटपाचा होता, म्हणून त्यात शिरले नाही.

पीएचपी-आयपॅम बसवायला सोपं. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालवता येत असेल तर एका संध्याकाळी उभं राहतं, जुनी शीट आत घेता येते, आणि ते स्वतः पिंग करून (पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते पाहून) कोणता पत्ता जिवंत आहे ते दाखवतं. ऑफिसचं किंवा कॉलेजचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला मी हेच सुचवीन. ऑपरेटरने मात्र त्या पिंगवर विसंबू नये. ग्राहकाचा फायरवॉल पिंग अडवत असेल तर विकलेला, पैसे भरलेला पत्ता तिथे बंद दिसतो, आणि घाईच्या वेळी बंद म्हणजे मोकळा असंच डोळ्यांना वाटतं.

नेटबॉक्स, २०१६ मध्ये डिजिटलओशनने खुलं केलेलं, मुळात उलट्या बाजूने विचार करतं. ते नेटवर्कला विचारायला जात नाही. नेटवर्क कसं असायला हवं ते तुम्ही त्यात लिहायचं. सुरुवातीला मला ही उणीव वाटली, आता हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. आमचा /२२ त्यात ‘कंटेनर’ म्हणून टाकला. त्यात १,०२४ पत्ते, म्हणजे /२९ चे १२८ तुकडे. किती वाटले, किती उरले याची पट्टी समोर दिसते, आणि मोकळ्या जागा यादीत आपोआप येतात. एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रॅमने थेट मागणी करायच्या दाराला) फक्त ‘/२९ हवा’ असं सांगितलं की पुढचा मोकळा तुकडा नोंदवूनच हातात देतं. दोन ग्राहकांच्या खासगी व्हीपीएनमध्ये १०.०.०.०/२४ असेल तर वेगवेगळ्या व्हीआरएफमध्ये (एकमेकांपासून अलग ठेवलेल्या मार्गांच्या तक्त्यांमध्ये) दोन्ही सुखाने नांदतात. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, कितीतरी मोठी पद्धत, आलं की शीटचा विषयच संपतो: एका /३२ मध्ये ६५,५३६ /४८ असतात, ते कोण ओळीओळीने लिहिणार?

दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी बघा. दुहेरी नोंद अडवणारी सेटिंग चालू आहे ना, हे तपासा. पण ती हुबेहूब तोच प्रीफिक्स, म्हणजे तोच पत्त्यांचा तुकडा, अडवते. ग्राहकाला दिलेल्या /२८ च्या (सोळा पत्त्यांच्या तुकड्याच्या) पोटात कुणी हाताने /२९ टाइप केला तर ते त्याला पोटविभाग समजून घेतं. म्हणून आमच्याकडे वाटप हाताने टाइप करायचं नाही, मोकळ्या यादीतूनच घ्यायचं. दुसरं म्हणजे बदलांची नोंद. मूळ सेटिंगनुसार ती ९० दिवसच राहते. ‘गेल्या वर्षी हा पत्ता कुणाकडे होता?’ असं विचारणारं पत्र ऑपरेटरला कधीही येऊ शकतं, तेव्हा तिथे शून्य टाका, मग नोंद कायम राहते. सीजीनॅटमागच्या, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटून वापरणाऱ्या, ग्राहकांचं उत्तर मात्र इथे मिळणार नाही; त्याचे लॉग वेगळेच ठेवावे लागतात.

कष्ट आहेत. पोस्टग्रेस आणि रेडिस हे त्याचे डेटाबेस सांभाळावे लागतात, अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्यावाच लागतो. आमचे तीन आठवडे मात्र सॉफ्टवेअर बसवण्यात नव्हे, शीट साफ करण्यात गेले. ‘राखीव?’ असं प्रश्नचिन्ह लावलेली प्रत्येक ओळ राउटरवर जाऊन पाहावी लागली.

तुम्ही कोणतंही सॉफ्टवेअर निवडा, आधी एक चाचणी घ्या. चाचणीचा एक /२४ भरा, दोन माणसं दोन यंत्रांवर बसवा आणि दोघांना एकाच क्षणी /२९ मागायला लावा. नेटबॉक्सच्या एपीआयने आम्हाला दोन वेगळे तुकडे दिले. वेबवरच्या फॉर्ममध्ये दोघांनाही आधी तोच तुकडा दिसला, पण दुसऱ्याने ‘जतन करा’ दाबताच तो आधीच घेतलेला आहे असं सांगून थांबवलं.