एडी योस्टचं कार्ड बाजूला टाकू नका

फासे आणि कार्डांवर खेळायचा हा बेसबॉल गेम घेऊन दोन महिने झाले आणि अजून रोज रात्री एक तरी मॅच होतेच, म्हणजे पैसे वसूल, हे आधीच सांगून टाकतो. बॉक्समधले बॅटर बहुतेक जुने आहेत, पण निवड होम रन बघून नाही तर आउट न होता बेसवर (रनच्या वाटेवरचा थांबा) कोण किती पोचायचा ते बघून केलीये. त्यामुळे टेड विल्यम्स, बेब रूथ, रिकी हेंडरसन तर आहेतच, शिवाय मॅक्स बिशप, एडी योस्ट असली एरवी कुणी न काढलेली नावंही आहेत.

खेळायला सोपा. तीन फासे, पहिल्यावर १ ते ३ आलं तर बॅटरचं कार्ड, ४ ते ६ आलं तर पिचरचं, आणि उरलेल्या दोघांची बेरीज म्हणजे कार्डावरची ओळ. दोन फाशांत ७ सगळ्यात जास्त पडतो, ३६ पैकी ६ वेळा, त्यामुळे कार्ड हातात आलं की आधी ७ समोर काय लिहिलंय तेच बघायची सवय लागते.

मला ती सवय नव्हती तेव्हाची गोष्ट. योस्टचं १९५६ चं कार्ड, वर ठळक अक्षरात ॲव्हरेज, म्हणजे हिट मारायचं प्रमाण, .२३१, म्हटलं हा भरतीचा माल आणि दिला ढकलून. भावाने उचलला आणि थेट पहिल्या नंबरवर खेळवला. सात पडला, वॉक, म्हणजे पिचरचे चार बॉल बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस. नंतर परत सात, परत वॉक. मी पिचर बदलला तरी तेच. एकही हिट न मारता गडी चारदा बेसवर आणि त्यातून दोन रन, मी नुसता बघत बसलो. मग कार्ड उलटं केलं तर त्या सीझनला १५१ वॉक आणि ऑन-बेस, म्हणजे बेसवर पोचायचं प्रमाण, .४१२! 'वॉकिंग मॅन' उगाच नव्हते म्हणत. आणि गंमत म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज अधिकृत आकडा झाला १९८४ ला, योस्ट तोवर कधीच रिटायर झालेला.

विल्यम्सचं १९४१ चं कार्ड तर विचारूच नका. .४०६ सगळ्यांना पाठ असतं पण ऑन-बेस .५५३ आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हा आउटच होत नाही, आणि तो रेकॉर्ड २००२ ला बॅरी बॉन्ड्सने मोडेपर्यंत टिकला. बॉन्ड्सचं २००४ चंही कार्ड आहे, २३२ वॉक, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. फासे न टाकताच मुद्दाम वॉक द्यायची सूट आहे, आधी मला हा रडीचा डाव वाटायचा, आता मीच देतो.

तक्रारी आहेत. कार्डं पातळ, कोपरे आत्ताच मुडपलेत, आणि ऑन-बेसचा आकडा मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात, अरे त्याच्यासाठीच तर गेम काढलाय ना? जॉन मॅकग्रॉ नाहीच, करिअरचा ऑन-बेस .४६६ असलेला माणूस गाळलाच कसा कळत नाही. पण खरा राग रॉन हंटच्या कार्डाचा. १९७१ ला ५० वेळा अंगावर बॉल खाल्ला त्याने, आणि इथे ते सगळं वॉकमध्येच मिसळून टाकलंय. बेसवर पोचतो तसाच, पण पठ्ठ्याने मार खाल्ला त्याची साधी नोंद पण नाही!

एक बोनस कार्ड मात्र झकास. एडी गेडेल, १९५१, उंची ३ फूट ७ इंच, आयुष्यात एकदाच बॅटिंगला आला, चार बॉलवर वॉक, ऑन-बेस १.०००. कार्डावर सगळ्या ओळीत एकच शब्द, वॉक. मॅचमध्ये एकदाच वापरायचं आणि लगेच त्याच्या जागी रनर पाठवायचा, खरोखर झालं होतं तसंच. भाऊ ते कार्ड नवव्या इनिंगपर्यंत खिशात ठेवून बसतो आणि मी बेस भरलेले असताना काढतो म्हणून आमची रोज भांडणं.