सरकारी एआरटी केंद्र: औषध उत्तम, वेळापत्रक जुनंच

एचआयव्हीचं मोफत औषध, म्हणजे एआरटी, आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून मिळतंय. औषधापुरतं बोलायचं तर या सेवेला नावं ठेवायला फारशी जागा नाही. बहुतेकांना टीएलडी मिळते. टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, चालते. आता सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) घसरण्याची वाट पाहत नाहीत. निदान झालं की उपचार सुरू.

माणसं गळतात ती मधल्या टप्प्यांवर. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी चाचणी-समुपदेशन केंद्रात, पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की वेगळ्या किटने दुसरी आणि तिसरी करतात. तिन्ही जुळल्याशिवाय पक्का रिपोर्ट देत नाहीत. हे काम चोख आहे. पण रिपोर्टनंतर समुपदेशक स्वतः सोबत येऊन एआरटी केंद्रात नोंदणी करून देतो, की हातात चिठ्ठी ठेवून "त्या इमारतीत जा" म्हणतो, यावर पुढचं बरंच ठरतं. चिठ्ठी घेतलेला माणूस बऱ्याचदा थेट एसटी स्टँड गाठतो.

नोंदणीला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि चालू मोबाइल नंबर लागतो. सीडी-४, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कावीळ बी (हिपॅटायटिस बी) या तपासण्या होतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे विचारतात. टीबी निघाला तर आधी टीबीचं औषध. त्यात रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राविरची जादा ५० मिलिग्रॅमची गोळी बारा तासांनी घ्यावी लागते, ती केंद्रात आठवणीने मागा.

दर खेपेला बाटली परत आणायला सांगतात, उरलेल्या गोळ्या मोजायला. ३० पैकी दोन चुकल्या की हिशेब ९३ टक्क्यांवर येतो. अपेक्षा ९५ च्या वर. जिथे यावरून ओरडा बसतो तिथे लोक उरलेल्या गोळ्या फेकून रिकामी बाटली आणतात आणि मोजणी निरर्थक ठरते. खरं काय ते मग व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीत, दिसतं. ती तपासणी सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा. आकडा १००० च्या वर गेला तर लगेच औषध बदलत नाहीत. साधारण तीन महिने समुपदेशन, मग पुन्हा तपासणी. नमुना घेण्याचा वार आणि गोळ्यांची तारीख वेगळी असेल तर एक रोज जास्तीचा बुडतो, म्हणून दोन्ही एकाच दिवशी मागा.

समुपदेशनात हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियम, लोह आणि अँटासिड. त्यातले धातू पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरतं. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यावी. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून लोह-कॅल्शियम मिळतच असतं, तेव्हा तिला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

सगळ्यात कच्चा दुवा वेळेचा. केंद्र दुपारनंतर बंद, म्हणजे रोजंदारीवाल्याला कामाच्या दिवशीच यावं लागतं. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे, पण साठा आखडला की तीच आधी आटते. जुलै २०२२ मध्ये औषधटंचाईवरून दिल्लीत नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) कार्यालयाबाहेर रुग्णांना आंदोलन करावं लागलं होतं. बीडहून कारखान्यावर निघालेल्या ऊसतोड जोडप्याने टोळी हलण्याआधीच केंद्रात सांगावं. थोड्या दिवसांचा प्रश्न असेल तर उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक दाखवून वाटेतल्या केंद्रातून गोळ्या घेता येतात. पूर्ण हंगामासाठी रीतसर बदलीपत्र घ्यावं. कावीळ बी असलेल्यांनी तर खंड पडूच देऊ नये, कारण टेनोफोविर-लॅमिव्हुडीन तीही दाबून ठेवतात आणि गोळी अचानक थांबली की यकृताला सूज येऊ शकते.

औषधाला दहापैकी नऊ, वेळेला चार. गोपनीयता केंद्रागणिक बदलते. काही ठिकाणी रांगेतच नाव पुकारतात. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे आणि तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. जवळचं केंद्र कुठे, हे १०९७ वर फुकट विचारता येतं.