ई-रीडरवर राजकारण, थरारकथा आणि उपहास : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी सहा इंची ई-रीडर घेतला आणि तेव्हापासून राजकीय आत्मचरित्रे व अहवाल, थरारकथा आणि उपहासपर लेखन हे माझे नेहमीचे वाचन शक्यतो त्यावरच करून पाहिले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढील बहुतेक निरीक्षणे या प्रकारच्या कोणत्याही उपकरणाला लागू पडावीत. अक्षरे डोळ्यांना त्रास देत नाहीत, पुण्यात वनाझहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत उभ्याने एका हातात धरून वाचता येते, बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. हे सर्वांना ठाऊक आहे. कोणते पुस्तक त्यावर वाचावे आणि कोणते वाचू नये, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

राजकीय पुस्तकांच्या बाबतीत माझी अपेक्षा सर्वांत कमी होती आणि लाभ तेथेच सर्वाधिक झाला. असे पुस्तक हाती आले की जाणता वाचक आधी शेवटची नामसूची उघडतो आणि कोणाविषयी किती पानांवर लिहिले आहे ते पाहतो; पण मराठीतील कितीतरी राजकीय आत्मचरित्रांना अशी सूचीच नसते. ई-रीडरमधील शोधाची सोय ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. लेखकाच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधावे आणि ते केवळ सत्कारसमारंभांच्या वर्णनात आढळावे, यातून जे कळते ते प्रस्तावनेतून कळत नाही. अर्थात हे साधन जपून वापरावे लागते. यशवंतराव चव्हाण यांच्या ‘कृष्णाकाठ’मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील घडामोडी शोधून त्या नाहीत म्हणून काही निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे, कारण ते कथन १९४६ पाशीच थांबते.

मराठीची विभक्तिरूपे या शोधाला चांगलेच चकवतात. माझ्या उपकरणात ‘चव्हाण’ असे लिहिले की ‘चव्हाणांनी’ आणि ‘चव्हाणांकडे’ ही रूपेही सापडतात. पण ‘अत्रे’ शोधल्यास ‘अत्र्यांनी’ निसटते आणि ‘डांगे’ शोधल्यास ‘डांग्यांचा’. त्यावर उपाय म्हणून ‘डांग’ एवढेच लिहिले तर डांग जिल्हाही यादीत येतो, आणि १९६० पूर्वीच्या सीमावादावरील पुस्तकात तो येतोच. दुसरी अडचण आपल्या राजकीय शिष्टाचाराची आहे. एकच माणूस एका प्रकरणात आडनावाने, दुसऱ्यात ‘दादा’ किंवा ‘अण्णा’ म्हणून आणि तिसऱ्यात नुसता ‘साहेब’ म्हणून वावरतो, तेव्हा ही सर्व नावे वेगवेगळी शोधावी लागतात. शिवाय ज्या प्रसंगासाठी आपण पुस्तक घेतलेले असते, नेमका तेथेच लेखक ‘आमचे काही सहकारी’ असे म्हणून मोकळा होतो. त्यावर कोणत्याही उपकरणात इलाज नाही.

सरकारी अहवालांसाठी मात्र हे उपकरण निरुपयोगी आहे. आणीबाणीवरील शहा आयोगाचे अहवाल १९७८ मधले, म्हणजे आज ते स्कॅन केलेल्या पानांच्या स्वरूपातच हाती येतात. ए-फोर पानाची रुंदी २१ सेंटिमीटर आणि या पडद्याची जेमतेम ९, त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटांवर येते. मोठे करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचता येते, पण दोन परिच्छेदांनंतर कोणती साक्ष कोणाची हेच लक्षात राहत नाही. छापील पुस्तकांवरून घाईने बनवलेल्या ई-आवृत्त्यांत तळटीपा भलत्याच परिच्छेदाच्या मधोमध येऊन बसतात, हा प्रकारही मी एकाहून अधिक वेळा पाहिला.

थरारकथांविषयी थोडक्यात सांगता येईल : त्यांच्यासाठी याहून सोयीचे साधन नाही. छापील पुस्तकात उजव्या अंगठ्याखाली उरलेली पाने शेवट जवळ आल्याची चुगली करतात, येथे टक्केवारीचा आकडा लपवता येतो. तो न लपवल्यास वेगळीच गंमत होते. अजून दहा टक्के उरले आहेत, म्हणजे खरा गुन्हेगार पुढे आहे, अशा भरवशावर आपण असतो आणि कथा तेथेच संपते, कारण उरलेला भाग लेखकाच्या पुढील कादंबरीची जाहिरात असते. जुन्या मराठी रहस्यकथांपैकी मला हव्या होत्या त्या बहुतेक ई-आवृत्तीत मिळाल्या नाहीत, त्यासाठी ग्रंथालयच गाठावे लागले.

उपहासाचे या पडद्यावर हालच होतात. गद्य ठीक वाचता येते, परंतु विडंबनकाव्यात ओळ जिथे तुटायला हवी तिथेच तुटावी लागते. अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) सारख्या संग्रहातील गंमत बरीचशी मूळ कवितेचा डौल जसाच्या तसा उचलण्यात आहे. एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडिताची ओळ मोठ्या टाइपात दोन तुकड्यांत पडली की तो डौल जातो. इतर वाचकांनी अधोरेखित केलेली वाक्ये दाखवण्याची सोय तर उपहासाच्या पुस्तकात पहिल्याच दिवशी बंद करावी. लेखकाने एखाद्या पुढाऱ्याच्या तोंडी घातलेले पोकळ वाक्य अनेकांनी सुविचार म्हणून अधोरेखित केलेले मी पाहिले आहे. हा विनोद मूळ लेखकालाही सुचला नसता, पण तो पुढच्या वाचकाचा रसभंग करतो, हेही खरे.

मालकीचा प्रश्नही आहेच. ई-पुस्तक विकत घेतले तरी सामान्यतः हाती येतो तो वाचनाचा परवाना. जुलै २००९ मध्ये हक्कांच्या वादावरून अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या उपकरणांतून दूरस्थपणे काढून टाकली होती. पैसे परत दिले आणि नंतर माफीही मागितली, परंतु असे करता येते हे त्यातून दिसले. म्हणून ज्या राजकीय पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा वळावे लागणार आहे, ते मी अप्पा बळवंत चौकातून छापील घेतो आणि शोधासाठी जमल्यास ई-आवृत्तीही ठेवतो. हा दुहेरी खर्च मोजक्याच पुस्तकांवर परवडतो. केवळ थरारकथा वाचणाऱ्याने सहा इंची उपकरण निःशंकपणे घ्यावे. ज्याच्या वाचनात आयोगांचे अहवाल आहेत त्याने दहा इंची पडदा प्रत्यक्ष हाताळून पाहिल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.