घर बघायला गेलात तर आधी स्विचबोर्ड किती उंचीवर आहेत ते बघा

7,08,300 रुपये. घर घ्यायच्या व्यवहारात फसून एवढे घालवले. यात वकिलाची फी धरलेली नाही, मारलेल्या रजा धरलेल्या नाहीत. टोकन 51,000, विसार 6,00,000, एजंटचं कमिशन 43,000, स्टँप आणि नोटरी 2,500, बँकेची प्रोसेसिंग, सर्च आणि व्हॅल्युएशन मिळून 11,800. एकूण एक रुपया गेला. हे लिहायला मला जवळपास दोन वर्षं लागली, कारण ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही.

शहराचं नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. पश्चिम महाराष्ट्रातलं नदीकाठचं लहान शहर, एवढं पुरे. जून 2022 मध्ये बदली होऊन आलो. भाड्याच्या दोन खोल्यांत पावसाळा काढला. मुलगी तीन वर्षांची, पुढच्या वर्षी शाळा. दिवाळीनंतर घर बघायला सुरुवात केली. मी काही डोळे झाकून उडी मारणारा माणूस नाही. वही केली होती. स्टँडपासून किती लांब, शाळेची बस कुठपर्यंत येते, मंडई, दवाखाना, नळाला पाणी किती वेळ, रात्री रस्त्यावर दिवे आहेत की नाही, सगळं लिहून काढत होतो. नळाला पाणी किती येतं हे मी अकरा ठिकाणी विचारलं. पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं हे एकाही ठिकाणी विचारलं नाही.

आणि हे काय मला माहीत नव्हतं? 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2021 च्या जुलैत परत पूर, चिपळूणची ती दृश्यं, सगळं टीव्हीवर बघितलेलं. पण टीव्हीवर बघितलेलं पाणी आपल्या घराशी जोडलं जात नाही. त्यात मी जानेवारीत घर बघायला गेलो. जानेवारीत नदी कुठं आहे हेसुद्धा त्या गल्लीतून कळत नाही.

22 जानेवारी 2023, रविवार. एजंटनं दाखवलेलं सातवं घर. रो-हाऊस, खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन खोल्या. 21,50,000. उंचावरच्या भागात तशाच घराला 40 च्या पुढे सांगत होते. स्वस्त का, असं मी विचारलं. उत्तर तयारच होतं: "मालकाला पोराकडं पुण्याला जायचंय, गडबड आहे."

हॉलमधला स्विचबोर्ड माझ्या खांद्याला लागत होता. म्हणजे बटणं नव्हे, प्लगसुद्धा. टीव्हीचा पॉइंट त्याच्याही वर. बेडरूममध्ये खाटेशेजारी मोबाइल लावायचा म्हटलं तर उभं राहून लावावा लागेल. मीटर पोर्चमध्ये माझ्या डोक्याच्या वर, वाचायला स्टूल लागेल इतका. बेडरूमच्या भिंतींना चार फुटांपर्यंत टाइल्स, बाथरूमला लावतात तशा. वरच्या मजल्यावरचे दरवाजे सागवानी, जुने. खालचे सगळे पीव्हीसीचे, नवे कोरे.

बायकोनं विचारलं, "मिक्सरचा प्लग एवढ्या वर कशाला?"

एजंट म्हणाला, "वहिनी, लहान पोरं बोट घालतात. मालकानं विचार करून केलंय."

आमची मुलगी तेव्हा बायकोचा पदर धरून उभी होती. आणि मला वाटलं, किती समंजस माणूस. टाइल्सबद्दल म्हणाला की पोरं भिंती रंगवतात, पुसायला सोपं. तेही पटलं. बायको परत काही बोलणार होती, तर मीच तिला म्हणालो, "प्रत्येक गोष्टीत खोट काढू नकोस." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तीही विसरलेली नाही, फक्त बोलून दाखवत नाही. अख्खं घर भिंतीभिंतीतून सांगत होतं की इथं पाणी चार फूट चढतं, आणि मी रंगाच्या शेडचं कौतुक करत होतो.

नदीकाठच्या गावात घर बघताना खालच्या मजल्यावरचे प्लग, मीटर, दरवाज्यांचा खालचा भाग आणि कंपाउंडची बाहेरची बाजू बघा. मालक रंग आत देतो, कंपाउंडला बाहेरून कुणी देत नाही. आमच्या कंपाउंडवर मातकट रेघ होती. मी ती नंतर बघितली.

आता कागद. "कागद बघितले नाहीत का?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आधीच सांगतो: बघितले. सात-बारावर पंधरा-सोळा नावं, सामाईक क्षेत्र, घरमालकाचं नावच नाही. विचारल्यावर एजंटनं समजावलं की गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीत, असंच असतं, गुंठेवारी प्रमाणपत्र असलं की झालं. ते पूर्ण खोटंही नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. आमच्या हातात प्रमाणपत्र दिलं, जावक क्रमांक, गोल शिक्का, सही, सगळं होतं. कोणीही विश्वास ठेवला असता. पण झेरॉक्स होती. मूळ प्रत "बँकेच्या लॉकरमध्ये" होती. जो माणूस मूळ कागद दाखवत नाही, त्याच्याकडे मूळ कागद नसतो, असंच धरून चाला.

6 फेब्रुवारीला साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करायचा करार, केलं. 500 च्या स्टँपवर, नोटरीसमोर. नोंदणी का नाही, तर "खरेदीच्या वेळी एकदमच करू, आत्ता दोनदा खर्च कशाला." नोंदणी न झालेल्या साठेखताच्या जोरावर घरावर हक्क धरता येत नाही, हे आता मला पाठ आहे. विसार सहा लाख: चार आरटीजीएसनं आणि दोन रोख. साठेखतात चारच लिहिले. हो, माझी चूक. पण "सगळे असंच करतात" हे सांगणारे तिथं पाच जण होते आणि नको म्हणणारा एकही नव्हता. जमीन-घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हा आयकराचा नियम 1 जून 2015 पासून आहे. समोरचा रोख मागतोय म्हणजे पुढे तुमच्याकडे पुरावा राहू नये याची सोय करतोय.

त्याच साठेखतात एक कलम होतं: 60 दिवसांत खरेदी पूर्ण न केल्यास विसार जप्त. मी वाचलं होतं. 60 दिवसांत कर्ज होईल म्हणून सही केली. खरा डाव तिथंच होता. त्या माणसाला घर विकायचंच नव्हतं. कर्ज घेणारं गिऱ्हाईक गाठायचं, कर्ज नाकारलं जाणार हे आधीच माहीत, मुदत संपली की विसार गिळायचा आणि परत रंग मारायचा. कर्जावर घर घेणार असाल तर साठेखतात "कर्ज नामंजूर झाल्यास विसार पूर्ण परत" हे वाक्य घालून घ्या. तो नाही म्हणाला तर तिथूनच उठा.

20 मार्चला बँकेच्या वकिलांनी बोलावलं. प्रमाणपत्राचा जावक क्रमांक रजिस्टरला दुसऱ्याच कामाचा निघाला. आणि घर निळ्या पूररेषेच्या आत. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि तिच्या आत बांधकामाला बंदी असते. लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. कर्ज नाही, विषय संपला. वकील म्हणाले, "नगररचनेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा आधी काढला असतात तर पंधरा दिवसांत कळलं असतं." बाहेर आलो आणि पाय लटपटायला लागले.

त्याच संध्याकाळी त्या गल्लीत गेलो. टोकाच्या घरातल्या मुलानं मोबाइलवर जुलै 2021 चा फोटो दाखवला. तेच घर, ओळखलं ते पोर्चमधल्या मीटरवरून. मीटरच्या खाली थोडी भिंत कोरडी होती. बाकी पाणी. मी विचारलं, मी आलो तेव्हा बोलला का नाहीस? तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाही, आणि ते लोक आमच्याच गल्लीतले. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण घर बघायला एजंटबरोबर गेलात तर गल्ली गप्प बसते. दुसऱ्या दिवशी एकटे जा. किराणा दुकानात उभे राहा, रिक्षावाल्याला विचारा, पोस्टमनला विचारा. "पाणी येतं का" असं विचारू नका, नाही म्हणतात. "2019 ला तुम्ही कुठं राहायला गेला होतात?" असं विचारा. लोक लगेच शाळेचं नाव सांगतात.

पैसे परत मागितले. मालक म्हणाला, "व्यवहार तुम्ही मोडलाय." एजंटचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात मी सात वेळा गेलो. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी सांगितलं, कागद इंग्रजीत आहेत, मराठीत आणा. साठेखत मराठीतच होतं. तिसऱ्या वेळी मालकाला बोलावलं, त्याला खुर्ची दिली आणि मला विचारलं, "दोन लाख रोख कुठून आणले?" शेवटी हातात समजपत्र मिळालं, सदर बाब दिवाणी स्वरूपाची असून दिवाणी न्यायालयात दाद मागावी. खोट्या शिक्क्याचं प्रमाणपत्र दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? हा प्रश्न मी तिथल्या तीन अधिकाऱ्यांना विचारला. एकानंही मान वर केली नाही.

मग महापालिकेत. खोटा शिक्का त्यांचा, खोटी सही त्यांच्या अधिकाऱ्याची. मला वाटलं, निदान हे तरी पेटून उठतील. गुंठेवारीचा टेबल म्हणे नगररचनेत जा, नगररचना म्हणे गुंठेवारीत जा. माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. कायद्यात 30 दिवस आहेत, उत्तर 41 व्या दिवशी आलं: माहिती या शाखेशी संबंधित नाही. पहिलं अपील केलं. त्यानंतर एका ओळीचं पत्र मिळालं, की सदर क्रमांकाचं प्रमाणपत्र या कार्यालयातून दिलेलं नाही. मी म्हटलं, मग तुम्ही फिर्याद द्या. क्लार्क म्हणाला, "फसले तुम्ही, आम्ही कशाला?" तुमच्या कार्यालयाच्या नावानं बनावट कागद बाजारात फिरतोय आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही? घरपट्टी मात्र त्या घराची बिनचूक वसूल होते. पावती मी स्वतः बघितली आहे, विकणाऱ्यानं पुरावा म्हणून तीच दाखवली होती. घरपट्टी भरली म्हणजे घर कायदेशीर होत नाही, लाइट बिल नावावर असलं म्हणून मालकी होत नाही. हे त्या पावतीवर मोठ्या अक्षरांत छापायला काय होतं?

पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवली, पोच आली, पुढे काही नाही. मग पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा म्हणून, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 156(3) खाली न्यायालयात अर्ज. तारखा चालू आहेत. पोलिसांनी टाळाटाळ केली तर अधीक्षकांना पोस्टानंच पाठवा आणि पोच जपून ठेवा, कोर्टात आधी तीच मागतात. तोंडी फेऱ्यांचा काही उपयोग नाही, माझ्या सातही फेऱ्या कुठं नोंदलेल्या नाहीत.

माझ्या आधी दोघांचा विसार याच घरावर गेलाय, हे त्या फोटोवाल्या मुलानंच सांगितलं. एकट्यानं तक्रार दिली की दिवाणी म्हणतात. तिघांनी एकत्र, तोच कागद, तेच कलम दाखवलं तर असं म्हणणं अवघड जाईल, असं वकिलांचं मत. दोघांपैकी एकाचा पत्ता लागला. तालुक्याच्या गावी त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याचे 3,50,000 गेलेत. माझ्यासारखीच झेरॉक्स त्यानं काढून दाखवली, जावक क्रमांकसुद्धा तोच. पण सही करायला तयार नाही. पैसे वडिलांच्या निवृत्तीचे होते, आणि त्यांना त्यानं अजून सांगितलेलं नाही. मी रविवारी परत त्याच्याकडे जाणार आहे.